‘गैरप्रकार’ या शब्दाबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पहिल्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांबद्दल आणि त्यांच्या अमेरिकन चौकशीबद्दल लेख आला होता. तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा सकाळी चहाबरोबर, दुसऱ्यांदा दुपारी हातात पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वेळी तीन ठिकाणी खुणा झाल्या. ‘गैरप्रकार’ या शब्दाखाली एक, ‘अवघे २८० बळी’ याखाली दुसरी आणि मथळ्यातल्या ‘क्लीन चिट’भोवती एक गोल. त्या तीन खुणांसाठी हे पत्र. लांबलं आहे, याची कल्पना आहे. काटछाट करायची तर करा, पण पिन्स्क या गावाचा भाग ठेवा, एवढी विनंती.

आधी माझा या विषयाशी संबंध काय ते सांगते, कारण इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. मी एकतीस वर्षं लघुलेखिका होते. खातेनिहाय चौकशीत साक्षी उतरवून घ्यायच्या आणि मग चौकशी अधिकारी सांगतील तसा अहवाल टंकित करायचा, हे माझं काम. अहवाल कसा बनतो ते मी पाहिलंय. नुसतं वाचून नाही, बोटांनी पाहिलंय म्हणा हवं तर.

एक प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. गोदामातल्या एका शिकाऊ मुलाला पहारेकऱ्यांनी बडवलं होतं. सुनावणीला तो आला तेव्हा हात प्लॅस्टरमध्ये होता. साक्षी तीन दिवस चालल्या. चौथ्या दिवशी साहेब अहवाल सांगायला बसले. ‘सदर दिवशी सायंकाळी झालेल्या मारहाणीत’ एवढं सांगून थांबले, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, “बाई, ‘मारहाण’ काढा. ‘झटापट’ घाला.” मी काढलं आणि घातलं. झटापटीला दोन बाजू लागतात. मार खाणाऱ्याला बाजू नसते, त्याला फक्त अंग असतं. त्या एका शब्दानं तो मुलगा अर्धा गुन्हेगार झाला आणि साहेबांना खोटं असं काहीच लिहावं लागलं नाही.

म्हणून तुमच्या लेखात ‘पोलंडमधील गैरप्रकार’ वाचलं तेव्हा माझं डोकं फिरलं. परीक्षेत चिठ्ठी सापडली की आपण गैरप्रकार म्हणतो. रेशनच्या धान्यात घट आली की गैरप्रकार. भिंतीशी उभं करून पस्तीस माणसांना गोळ्या घातल्या, तर त्यालाही तेच? लेखकावर आणि भाषांतरावर चार खरमरीत ओळी लिहून ठेवल्या होत्या. पाकिटात घालण्याआधी मूळ कागद बघावा म्हणून भाच्याला सांगितलं. त्यानं इंटरनेटवरून अहवाल काढून छापून आणून दिला. तो वाचला आणि त्या चार ओळी फाडून टाकल्या.

तुमच्या लेखकानं प्रामाणिकपणे भाषांतर केलं आहे. मूळ अहवालातच शब्द आहे ‘एक्सेसेस’, म्हणजे मर्यादा सोडून केलेली कृत्यं. ‘पोग्रोम’, म्हणजे ज्यूंवरचा सामूहिक हल्ला, हा शब्द आपण मुद्दाम वापरणार नाही, असं आयोगाचे अध्यक्ष हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी सुरुवातीलाच नोंदवून ठेवलंय. कारणही दिलंय. किरकोळ दांडगाईपासून पद्धतशीर आखलेल्या कत्तलीपर्यंत सगळ्यालाच लोक पोग्रोम म्हणतात, शब्दाचा नेमका अर्थ ठरलेला नाही, तेव्हा तो टाळलेला बरा. वाचताना मला आमचे साहेब आठवले, खिडकीबाहेर बघणारे. तरी अन्याय नको करायला. मॉर्गेंथाऊंनी शब्द गुपचूप बदलला नाही. बदलला, आणि का बदलला ते पहिल्याच पानांवर लिहिलं. आमच्या साहेबांनी ते कधी केलं नाही.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली आणि माझा राग थोडा अवघड झाला. नोखेम गेर्गेल नावाच्या ज्यू अभ्यासकानं १९१८ ते १९२१ या काळातल्या युक्रेनमधल्या हल्ल्यांची मोजदाद करून १९२८ साली छापली. एकूण नोंदी १,२३६. त्यातल्या ८८७ त्यानं पोग्रोम म्हणून धरल्या आणि उरलेल्या ३४९ नोंदींना त्यानंही ‘एक्सेस’च म्हटलं, म्हणजे ज्यात हिंसा सामूहिक प्रमाणावर गेली नाही अशा. तेव्हा शब्दात वाईट काही नाही. गेर्गेलनं दोन खण केले आणि प्रत्येक घटना बघून योग्य खणात टाकली. मॉर्गेंथाऊंनी एकच खण ठेवला. फरक तिथे आहे. मराठीत त्या एका खणावर ‘गैरप्रकार’ अशी चिठ्ठी लागली की ती आणखी हलकी होते. ‘अत्याचार’ लिहिलं असतं तर मूळ अर्थ फार ढळला नसता.

आता २८०. ‘युद्धोत्तर पूर्व युरोपात अवघे २८० ज्यू मारले गेले,’ असं वाक्य लेखात आहे. हे साफ चूक आहे आणि दुरुस्ती छापावी अशी आहे. हा आकडा पूर्व युरोपाचा नाही, नव्या पोलंडच्या सैन्याच्या ताब्यात आलेल्या प्रदेशाचा आहे. अहवालात आठ मुख्य घटना तारखेच्या क्रमानं दिल्या आहेत. सवयीनं मी कागदाच्या कडेला बेरीज मांडली. किएल्त्से, ११ नोव्हेंबर १९१८, मृत ४. लेम्बर्ग म्हणजे ल्वूव, त्याच नोव्हेंबरची २१ ते २३, मृत ६४. पुढचं सगळं १९१९ मधलं : पिन्स्क, ५ एप्रिल, ३५. लिदा, १७ एप्रिल, ३९. विल्ना, १९ ते २१ एप्रिल, ६५. कोल्बुशोवा, ७ मे, ८. चेंस्तोखोवा, २७ मे, ५. मिन्स्क, ८ ऑगस्ट, ३१. बेरीज २५१. ‘सुमारे २८०’ हा एकूण अंदाज अहवालात पुढे एका वाक्यात येतो, आणि ते वाक्य मला आकड्यापेक्षा जास्त खुपलं. हे सगळं पूर्वनियोजित असतं तर बळी हजारांत गेले असते, सुमारे २८० वर थांबले नसते, अशा अर्थाचं ते आहे.

माणसं कमी मेली म्हणून कट नव्हता, हा युक्तिवाद माझ्यासमोर कुणी सांगितला असता तर पेन्सिल आपोआप थांबली असती. कट नसेलही. नवं राष्ट्र, आज उभं केलेलं सैन्य, अधिकाऱ्यांचं न ऐकणारे शिपाई, शिवाय बोल्शेविकांशी, म्हणजे रशियातल्या कम्युनिस्टांशी, चाललेलं युद्ध आणि प्रत्येक ज्यू बोल्शेविकच असणार हा समज. अहवालात ही कारणं आहेत आणि ती खरी आहेत. १९१२ च्या निवडणुकीत वॉर्सातल्या ज्यू मतदारांनी राष्ट्रवादी उमेदवाराला मत दिलं नाही, म्हणून सुरू झालेला दुकानांवरचा बहिष्कारही त्यात आहे. पण कट नव्हता हे साक्षीपुराव्यानं ठरवायचं असतं, मृतांच्या संख्येवरून नाही.

यापुढचं सांगण्यासाठी मी खरं तर पत्र लिहायला घेतलं. अहवालात आठ गावांच्या आठ टिपणी आहेत आणि त्या वाचताना तो ‘एक्सेस’ शब्द कुठल्या कुठे जातो. किएल्त्सेचं बघा. ऑस्ट्रियन सैन्य गाव सोडून गेलेलं. ११ नोव्हेंबर म्हणजे पश्चिमेत तोफा थांबल्या तो दिवस, आणि पोलंडचा स्वातंत्र्यदिन म्हणून आजही साजरा होतो तोच. गावातल्या ज्यूंनी स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी काढून पोलिश थिएटरात सभा भरवली. दुपारी दोनच्या सुमाराला सुरू झाली, थिएटर खच्चून भरलं. बाहेर घोळका जमला, त्यात विद्यार्थी बरेच. साडेसहाला सभा उठायला लागली, आत तीनेकशे माणसं राहिली असतील, तेव्हा मिलिशियाची, म्हणजे स्थानिक सशस्त्र दलाची, माणसं आत शिरली आणि शस्त्रं आहेत का ते तपासायला लागली. ती आत असतानाच नागरिक आणि काही शिपाई घुसले आणि सगळ्यांना जिन्याकडे रेटू लागले. जिन्यावर दोन्ही बाजूंना माणसांची रांग, हातात दांडकी आणि संगिनी. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला त्या दोन रांगांमधून जावं लागलं. रस्त्यावर आले तर तिथे पुन्हा जमाव. चार मेले, जखमी पुष्कळ.

पिन्स्क. आज हे गाव बेलारूसमध्ये आहे. तेव्हा पोलिश सैन्यानं ते नुकतंच घेतलेलं. ५ एप्रिल १९१९, शनिवार. ज्यूंचा वल्हांडण सण आठवड्याभरावर आलेला. अमेरिकेतल्या जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी या ज्यू मदतसंस्थेकडून मदत आली होती, ती कशी वाटायची हे ठरवायला पंचाहत्तरेक ज्यू स्त्रीपुरुष ‘पीपल्स हाउस’ या सभागृहात जमले. इथंही नगर कमांडरची परवानगी घेतलेली. सभा संपत आली होती. शिपाई आले, सगळ्यांना अटक केली, झडती घेतली, जवळचं काढून घेतलं आणि पळवत पोलीस ठाण्यावर नेलं. तिथून बाजारात. कॅथेड्रलच्या भिंतीशी रांग लावली. उजेड फक्त एका लष्करी मोटारीच्या दिव्यांचा. त्या उजेडात सहा बायका आणि पंचवीसेक पुरुष बाजूला काढले. उरलेले पस्तीस जण गोळ्या घालून मारले. खटला नाही, चौकशी नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन जखमी अजून जिवंत आहेत असं दिसलं, तेव्हा त्यांनाही गोळ्या घातल्या. ज्या बायकांना बाजूला काढलं होतं त्यांना तुरुंगात उघडं करून इतकं मारलं की काही जणी कित्येक आठवडे अंथरुणातून उठू शकल्या नाहीत.

एक शब्द दोन्ही टिपणींत आहे : परवानगी. मी सरकारी कागदांत आयुष्य काढलं, म्हणून माझी नजर तिथेच जाते. किएल्त्सेत परवानगी होती, पिन्स्कमध्ये परवानगी होती. बेकायदा जमाव म्हणायची सोय कुणी ठेवली नव्हती. ज्या कचेरीनं शिक्का मारला तिच्याच हाताखालची माणसं दाराशी आली.

आणि ‘क्लीन चिट’? पोलिश राष्ट्राला सरसकट दोषी धरणं अन्यायाचं ठरेल, बेभान शिपाई आणि स्थानिक जमावाच्या कृत्याबद्दल सगळ्या देशाला दोष देऊ नये, असं अहवालात म्हटलंय. ते बरोबरच आहे. पण याला क्लीन चिट म्हणायचं असेल तर पिन्स्कचं टिपण शेवटपर्यंत वाचायला हवं. त्या सभेत बोल्शेविक कट शिजत होता हा लष्कराचा दावा आयोगानं फेटाळला. ज्यूंनी सैन्यावर हल्ला केला हे जनरल लिस्तोव्स्की यांचं अधिकृत निवेदन निराधार ठरवलं. नगर कमांडर मेजर लुचिन्स्की यांनी न तपासलेल्या माहितीवर निंद्य उतावळेपणानं विश्वास ठेवला आणि प्रतिष्ठित नागरिकांवर अक्षम्य कारवाई केली, असं नाव घेऊन लिहिलं. गावातल्या कोणत्याही ज्यूएतर जाणत्या माणसाला विचारलं असतं तरी ही माणसं कोण आहेत ते तिथल्या तिथे कळलं असतं, असंही. आणि शेवटी : अधिकृत चौकश्या झाल्या, तरी या प्रकरणात कुणालाही शिक्षा झालेली नाही, कुणावर खटलाही भरलेला नाही, आणि पोलिश संसदेच्या समितीनं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केलेले नाहीत. चौकशी अहवालात अधिकाऱ्याचं नाव घेऊन ‘अक्षम्य’ लिहिलेलं माझ्या एकतीस वर्षांत मी टंकित केलं नाही. कधीच नाही.

ल्वूवची गोष्ट वेगळी, तिथे खटले झाले. १६४ जणांवर. त्यातले दहा ज्यू. ४४ जणांना शिक्षा, दहा दिवसांपासून अठरा महिन्यांपर्यंत. लष्करी न्यायालयानं काही शिपायांना तीन वर्षांपर्यंत आत पाठवलं. अडतीस घरं जळाली, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ जळालं, चौसष्ट माणसं मेली. हिशेब तुम्हीच लावा.

मिन्स्कचं टिपण मी वेगळं काढून ठेवलंय. तारीख ८ ऑगस्ट १९१९. आयोग पोलंडमध्ये १३ जुलैला आला आणि १३ सप्टेंबरला गेला. म्हणजे हे सारं चौकशी चालू असताना घडलं. एकतीस ज्यू मारले गेले. त्यांतल्या एकाचाच बोल्शेविकांशी संबंध जोडता आला. त्या दिवशी लुटलेली ३७७ दुकानं सगळी ज्यूंची. पुढे लगेच वाक्य आहे की मिन्स्कमधली नव्वद टक्के दुकानं ज्यूंचीच आहेत, हे लक्षात घ्यावं. मला हे वाक्य आवडलं. लिहिणारा माणूस आकडा फुगवायला तयार नव्हता. असा माणूस पिन्स्कबद्दल ‘अक्षम्य’ लिहितो तेव्हा त्या शब्दाला वजन येतं.

मॉर्गेंथाऊ स्वतः ज्यू, जर्मनीत जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत गेलेले. महायुद्धात तुर्कस्तानात अमेरिकेचे राजदूत होते आणि आर्मेनियन लोकांचं काय झालं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. स्वतंत्र ज्यू राष्ट्राच्या कल्पनेला त्यांचा विरोध होता, म्हणून बऱ्याच ज्यू संघटनांना त्यांची नेमणूक रुचली नव्हती. दुसरीकडे, अशी चौकशी व्हावी ही मागणी पोलंडचे पंतप्रधान पादेरेव्स्की, ते प्रसिद्ध पियानोवादक, यांनीच केलेली होती. मागणी करणाऱ्याला काय हवं असतं हे मी सांगायला नको. ३० जून १९१९ ला अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आयोगाला सूचनांचं पत्र दिलं. त्याच्या दोनच दिवस आधी पोलंडनं अल्पसंख्याकांच्या हक्कांच्या करारावर सही केली होती. त्या करारात शनिवारी निवडणुका घेणार नाही इथपर्यंत वचन होतं. १९३४ साली पोलंडनं त्या करारापुरतं राष्ट्रसंघाशी सहकार्य थांबवलं, ती पुढची गोष्ट.

बरोबरचे दोन सदस्य, जनरल जॅडविन आणि वकील जॉन्सन, यांनी वेगळा अहवाल दिला. त्यात घटनांपेक्षा कारणांना जागा जास्त आणि पोलंडविषयी समजूतही जास्त. तीन माणसं, एकच प्रवास, दोन अहवाल. तुमच्या लेखात दुसऱ्याचा उल्लेख नाही. ब्रिटिशांनीही सर स्टुअर्ट सॅम्युएल यांना पाठवलं. त्यांचा अहवाल १९२० मध्ये छापला तेव्हा त्यांच्याच बरोबर गेलेल्या कॅप्टन राइट यांचा त्याला न जुळणारा अहवाल सोबत होता, आणि वर वॉर्सातले ब्रिटिश राजदूत रम्बोल्ड यांचं पत्र. ज्यूंना ज्या देशात त्यातल्या त्यात कमी सोसावं लागलं त्याच्याकडेच बोट दाखवून ज्यूंचं भलं होणार नाही, असा त्या पत्राचा सूर. एका फायलीत तीन मतं. बाइंडिंग करणाऱ्याची मला कीव आली.

मॉर्गेंथाऊ पिन्स्कला गेले होते. तिथल्या सिनेगॉगमध्ये जमलेली सगळी गर्दी रडत होती, हे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिलं. अहवालात ते नाही. अहवालात रडणं घालत नाहीत, आम्हीही घालत नसू. साक्षीदार रडला तर मी पेन्सिल उचलून थांबायचे आणि तो पुन्हा बोलायला लागला की लिहायला लागायचे. मधली रिकामी जागा कागदावर दिसत नाही.

रम्बोल्ड यांच्या पत्रातली एक गोष्ट मात्र खोटी नव्हती. पोलंडच्या पूर्वेला, युक्रेनमध्ये, खरोखर याहून कितीतरी भयंकर चाललं होतं. पिन्स्कच्या सात आठवडे आधी, १५ फेब्रुवारी १९१९ ला, प्रोस्कुरिव या गावात सेमोसेंको नावाच्या सरदाराच्या शिपायांनी काही तासांत सुमारे दीड हजार ज्यू मारले. तोही शनिवार. काडतुसं वाया नकोत म्हणून तलवारी आणि संगिनी वापरल्या. एका गावात, एका दुपारी, पोलंडच्या अख्ख्या अहवालाच्या पाचपट. गेर्गेलला नोंदींत सापडलेले मृत एकतीस हजारांवर आहेत, आणि तोच म्हणतो की खरा आकडा याच्या बराच वर असणार. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे जातात. तुमच्या लेखातला ‘पूर्व युरोपातील अवघे २८०’ या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

तिथे मॉर्गेंथाऊंसारखा आयोग गेला नाही. कुणाला विचारायचं? कीव शहराचा ताबा त्या वर्षांत इतक्या वेळा बदलला की आयोगाच्या पत्रावर कोणत्या सरकारचं नाव घालायचं हाच प्रश्न पडला असता. पोलंडला मित्रराष्ट्रांची मान्यता हवी होती, कर्ज हवं होतं, सीमा हव्या होत्या. त्यानं दार उघडलं. ज्याला जगाकडून काही हवं असतं त्याच्याच घरात चौकशी शिरू शकते, आणि म्हणून जिथे कमी माणसं मेली तिथला कागद शिस्तीत छापलेला मिळतो. मदत घेऊन गेलेलेही वाचले नाहीत. त्याच जॉइंट कमिटीचे दोघे, प्राध्यापक इझ्राएल फ्रीडलेंडर आणि रब्बी बर्नार्ड कँटर, ५ जुलै १९२० ला युक्रेनमधल्या रस्त्यावर मारले गेले.

आयोग नाही म्हटल्यावर लोकांनीच काम हाती घेतलं. मे १९१९ मध्ये, हल्ले चालू असतानाच, कीवमध्ये इलायस चेरिकोवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक समिती केली. वाचलेल्यांच्या जबान्या, मृतांच्या याद्या, छायाचित्रं, हुकूमनामे, जे मिळेल ते गोळा करायचं. हे दप्तर कीवहून बर्लिनला गेलं, बर्लिनहून पॅरिसला आणि शेवटी न्यूयॉर्कला. या लोकांबद्दल मला फार जवळीक वाटते. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, प्रवासभत्ता नव्हता, आणि ‘हा शब्द काढा, तो घाला’ म्हणणारा साहेबही नव्हता.

ते दप्तर एकदा कोर्टात गेलं. युक्रेनचे माजी नेते पेत्लुरा, ज्यांच्या सैन्यात तो सेमोसेंको होता, यांना पॅरिसच्या रस्त्यात २५ मे १९२६ ला श्वार्ट्सबार्ड नावाच्या घड्याळजीनं गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये खटला चालला. बचाव पक्षानं चेरिकोवरांच्या कागदांचा आधार घेतला, आणि प्रोस्कुरिवमध्ये जखमींची शुश्रूषा केलेल्या एका परिचारिकेनं साक्ष दिली. ज्यूरीनं त्याला सोडून दिलं. पेत्लुरांची वैयक्तिक जबाबदारी किती यावर इतिहासकार आजही भांडतात, त्यात मी पडत नाही. खून माफ व्हावा असंही मी म्हणणार नाही. पण आयोगापुढे जे यायला हवं होतं ते आठ वर्षांनी एका खुनाच्या खटल्यात, आरोपीच्या बचावासाठी, वाचलं गेलं, हे मला नीट गिळता येत नाही.

किएल्त्सेकडे परत येते, कारण तुमचा लेख १९१९ ला थांबतो. मॉर्गेंथाऊंच्या यादीतलं हे पहिलं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर, ४ जुलै १९४६ ला, याच किएल्त्सेत प्लांती रस्त्यावरच्या ७ नंबरच्या इमारतीत नाझींच्या संहारातून वाचलेले ज्यू राहत होते. दोन दिवस घरातून नाहीसा झालेला आठ वर्षांचा मुलगा परत आला. आपल्याला ज्यूंनी त्या इमारतीच्या तळघरात कोंडलं होतं, असं त्यानं सांगितलं. इमारतीला तळघरच नव्हतं. मिलिशिया आणि शिपाई आत गेले, आधी शस्त्रं काढून घेतली. १९१८ च्या थिएटरातही झडती शस्त्रांचीच होती. मग गोळ्या, मग बाहेर जमाव. स्थानिक ज्यू समितीचे अध्यक्ष कहाने मदतीसाठी फोन करत असताना मारले गेले. बेचाळीस ज्यू मेले.

त्या वर्षी एक आंतरराष्ट्रीय समिती पोलंडमध्ये येऊन गेली होती. अँग्लो-अमेरिकन चौकशी समिती, बारा सदस्य, सहा इकडचे सहा तिकडचे. विषय पॅलेस्टाइनचा आणि युरोपात उरलेल्या ज्यूंचा. फेब्रुवारीत त्यांनी पोलंड पाहिला, एप्रिलमध्ये अहवालावर सह्या केल्या, एक लाख ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये प्रवेश द्यावा म्हणून शिफारस केली. किएल्त्से त्यानंतर अडीच महिन्यांनी. तेव्हा बाहेरची चौकशी आली नाही. खटला ९ जुलैला उभा राहिला आणि १२ तारखेला नऊ जणांना मृत्युदंड देऊन झालाही. हत्येनंतर आठ दिवसांत. पिन्स्कमध्ये पाच-सहा महिन्यांत एकावरही खटला नव्हता, इथे आठवड्यात फाइल बंद. आमच्याकडे इतक्या वेगानं फाइल फिरली की आम्ही टंकलेखनिक एकमेकींकडे बघायचो.

त्या शिकाऊ मुलाचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. त्यानं अपील केलं. अपिलात ‘झटापट’ टिकली नाही, कारण अहवालाला परिशिष्ट म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडलेला होता आणि त्यात हाड कुठे, कसं मोडलं ते लिहिलं होतं. साहेबांनी शब्द बदलला, पण परिशिष्ट काढायचं राहून गेलं. की काढलं नाही, कोण जाणे. मॉर्गेंथाऊंचा अहवाल मी असाच वाचला, मागून पुढे. आधी गावं, मग शब्द.

तेव्हा विनंती अशी. ‘पूर्व युरोपातील अवघे २८०’ या वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर यावी, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. ‘अवघे’ हा शब्द अहवालात नाही, तो तुमचा आहे, तो काढावा. ‘क्लीन चिट’ मथळ्यात होती म्हणून तिच्याबद्दलचा खुलासाही मथळ्याएवढ्या टाइपात यावा, हे मागणं जास्त होईल, पण मागून ठेवते. आणि ‘गैरप्रकार’बद्दल लेखकाला माझ्यातर्फे सांगा की चूक त्यांची नव्हती, मी आधी रागावले होते.

सोबत अहवालाच्या छायाप्रती जोडल्या आहेत. किएल्त्से आणि पिन्स्कची पानं वर ठेवली आहेत. कडेची बेरीज आणि खुणा माझ्या आहेत. पेन्सिलीच्या आहेत, खोडता येतील.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका
(नाव व पत्ता कार्यालयासाठी वेगळ्या कागदावर दिला आहे. कृपया छापू नये.)